दुपारच्या गोष्टी

जळगावात मे महिन्यात, दुपारी जेवणं आटोपल्यापासून चहा होईपर्यंत कुणी कुणाला हाक मारत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, रिक्षावाले सावली धरून झोपतात, कुत्रीसुद्धा नळाखालची ओल शोधून गप्प पडतात. एरवी या शहरात शांतता म्हणून मिळत नाही. सकाळी घंटागाडी, संध्याकाळी वरात, रात्री डीजे. म्हणून आमच्या तरुणने गोष्टींच्या रेकॉर्डिंगसाठी दुपार निवडली. त्यात काही खास नव्हतं. शांतता तेवढ्याच वेळात फुकट मिळायची, आणि आमचं सगळं कामच फुकटातलं होतं.

तरुण माझा जुना विद्यार्थी. नवी पेठेत त्याच्या वडिलांचं, ज्ञानचंदशेठचं, कापडाचं दुकान आहे. मागच्या गोदामात चारही भिंतींना ठाणांच्या थप्प्या, पार छतापर्यंत. कापड आवाज पिऊन टाकतं. तिथे टाळी वाजवली तरी ती हातातच राहायची. तरुणने मध्ये एक टेबल आणि मायक्रोफोन ठेवला, पंखा बंद केला आणि जाहीर केलं, की देशोदेशीच्या जुन्या परीकथा मराठीत वाचायच्या आणि नेटवर सोडून द्यायच्या. कुणीही ऐका, कुणीही उतरवून घ्या, पैसे नकोत, परवानगी नको. ज्या घरात मुलांना गोष्ट सांगायला कुणाला सवड नाही, त्या घरांसाठी. कल्पना चांगली होती. अजूनही चांगली वाटते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

रागाचं म्हणाल तर तो माझ्या नाकावरच असतो. मी ज्योत्स्ना, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मुलं पाठीमागे मला लवंगी म्हणायची, आणि ती मिरची की फटाका हे त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही. या मंडळीत माझं काम ऐकण्याचं. वाचून झालेली प्रत्येक गोष्ट पुस्तक समोर धरून ऐकायची, चुकलेला शब्द पकडायचा, खोकला, खुर्चीची करकर, पान उलटल्याचा आवाज कापून काढायचा. वाचायला माझी मुलगी तेजल आणि तिची मैत्रीण मिसबाह.

पहिल्याच दिवशी मिसबाह मायक्रोफोनसमोर बसली आणि हसत म्हणाली, "आंटी, भरदुपारी गोष्ट? माझे मामू धुळ्याला आहेत. रस्ता चुकले म्हणजे?"

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. हिंदू असो, मुसलमान असो, मारवाडी असो, लहानपणी दुपारी गोष्टीचा हट्ट धरला की प्रत्येकाला हे उत्तर मिळालेलं असतं. सगळे हसले. मी मात्र तिथल्या तिथे झापलं. म्हटलं, दिवसभर शेतात आणि चुलीपाशी राबणाऱ्या बायकांनी पोरांची कटकट टाळायला काढलेली ही युक्ती आहे, आणि पोराला सगळ्यात लाडका मामा, म्हणून भीती मामाची घातली. शिकल्या-सवरलेल्या माणसांनी असलं तोंडातून काढू नये. मिसबाहने कान पकडले आणि वाचायला सुरुवात केली.

तेजलचं मात्र जमेना. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, पण वाचायची बातम्या दिल्यासारखं. राक्षस मेला काय आणि राजकन्या हसली काय, सगळं एका सुरात. शेवटी तीच म्हणाली, "आई, समोर कुणी हूं म्हणायला नसलं तर मला गोष्ट सांगता येत नाही."

खरंच होतं ते. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. समोरच्याने मधूनमधून हूं म्हणायचं, म्हणजे तो जागा आहे, पुढे सांग. हूं थांबला की सांगणाराही थांबतो. तेजल तशीच गोष्टी ऐकत वाढली होती. सांगणारा तिचा मामा, हूं म्हणणारी ती.

हेमराज माझा धाकटा भाऊ. राहायला अमळनेरला, नोकरी नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात फिटर. आईवडिलांच्या मागे आम्ही दोघंच. तेजल बालवाडीत असताना तिचे वडील गेले, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळच्या गाडीने हेमराज जळगावला येतो. हातात पिशवी, पिशवीत केळी. जळगावला बाहेरून केळी घेऊन येणारा जगात तो एकटाच माणूस असेल. हे मी त्याला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता त्यावर भांडणही होत नाही. भाचीकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही, एवढंच तो म्हणतो. माझ्या रागाला न घाबरणारा माणूस मला आयुष्यात एकच मिळाला, तो हा.

तर हेमराज रविवारी गोदामात येऊन तेजलच्या समोर बसू लागला. घामाने निथळत, मांडी घालून, डोळे मिटून. तेजल वाचायची आणि हा योग्य जागी हूं म्हणायचा. कधी भीतीचा हूं, कधी संशयाचा, कधी नुसता पुढे ढकलणारा. तेजलच्या आवाजात जीव आला. जंगलात वाट चुकलेल्या भावंडांची एक गोष्ट होती, ती वाचताना मिसबाहच्या डोळ्यांत पाणी आलं. तरुण खूष झाला. फक्त म्हणाला, "मॅडम, ते हूं तेवढे काढून टाका. नियमाने एकच आवाज पाहिजे."

मी काढले. एकेक हूं निवडायचा, कापायचा, आणि तिथे राहिलेली पोकळी दोन्ही बाजूंनी ओढून मिटवायची. कंटाळवाणं काम होतं, पण मी ते नीट केलं. ऐकणाऱ्याला तिथे कुणी बसलं होतं याचा पत्ता लागला नसता.

त्याच रविवारी संध्याकाळी हेमराज अमळनेरच्या गाडीत बसला. अंधार पडल्यावर त्याचा फोन आला, जामनेरहून.

नकाशा माझ्या डोळ्यांसमोर कायम उघडा असतो. जळगावहून निघालं की पाळधी, धरणगाव, अमळनेर, पुढे नरडाणा. एका ओळीत. रूळ आहेत, रस्ता नव्हे, की चुकून कुठे वळावं. जामनेर भलत्याच दिशेला आहे. मी त्याला फैलावर घेतलं. तो खुळ्यासारखा हसत होता.

"मी अमळनेरलेच उतरनू, अक्का," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "स्टेशनना बाहेर उनू तं जामनेर."

झोपेत एसटीत बसला असशील, म्हटलं. त्यालाही ते पटलं. पुढच्या रविवारी तो धुळ्यात उगवला. त्याच्या पुढच्या वेळी नरडाण्याच्या कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहून त्याने शेजारच्या टपरीवाल्याला नरडाणा कुठे आहे असं विचारलं. टपरीवाला त्याला रोज चहा देणारा. त्याने घाबरून प्रमिलाला, म्हणजे माझ्या भावजयीला, फोन केला.

मग मी त्याला जळगावात डॉक्टरकडे नेलं. डोक्याचे फोटो काढले, सुया टोचल्या, आजचा वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं चोख. डॉक्टर म्हणाले, ताण असेल. एवढे शिकून हे ताण सांगणार असतील तर ताण मीच सांगितला असता, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. घरी येऊन प्रमिलाला फोनवर विचारलं, हा पितो का. तिने फोन ठेवला तो आजतागायत उचललेला नाही. राग आला की मी समोरचं माणूस बघत नाही. पण मला तेव्हा एकच कळत होतं, की माझा भाऊ घरी पोचत नाही आणि का ते कुणी सांगत नाही.

दरम्यान गोष्टी चालूच होत्या. त्या आठवड्यात तेजलने मधल्याच वारी एक गोष्ट वाचली. हेमराज नव्हता, तो कामावर होता. समोर हूं म्हणायला मिसबाह बसली होती. मी घरी कानात ऐकायचं यंत्र, म्हणजे इअरफोन, घालून बसले. मिसबाहचे हूं बारीक, लहान पोरीसारखे. ते कापत चालले होते. मध्येच एका थांब्यावर, जिथे राजकन्या विहिरीत वाकून बघते तिथे, दुसरा एक हूं आला.

जाड, नाकातला, शेवटी जरा वर गेलेला. तो आवाज मी पन्नास माणसांतून ओळखीन.

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. हूंच्या मागे, फार लांब, एसटी स्टँडवर पुकारतात तसा पुकारा होता. पारोळामार्गे धुळे. मग एंजिनाची घरघर, आणि तेजलचं पुढचं वाक्य.

तरुणला ऐकवलं. त्याने हे ऐकूच येत नाही वगैरे म्हटलं नाही. शांतपणे म्हणाला, मागच्या रविवारचं काहीतरी राहून गेलं असेल, यंत्रात होतं असं कधीकधी, मी साफ करतो. मी विचारलं, मागच्या रविवारी गोदामात एसटी आली होती का. तो हसला. त्याचं ते हसणं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो हूं त्याने काढून टाकला आणि गोष्ट नेटवर गेली.

पुढच्या रविवारी हेमराज आला नाही. मामीने तेजलला सांगितलं, अमळनेरहून सकाळी नेहमीच्या वेळी निघाला होता, केळी घेऊन.

पोलिसांत कळवलं. तिथल्या माणसाने विचारलं, घरी भांडण झालं होतं का. मोठा माणूस आहे, येईल म्हणाला. आणि गंमत बघा, हेमराजचा फोन लागत होता. रोज दुपारी तोच करायचा. ना घाबरलेला, ना दमलेला. येतोच म्हणायचा. येस, अक्का, आताच येस, जवळच शे. कुठे आहेस विचारलं की खुणा सांगायचा आणि त्या सगळ्या बरोबर असायच्या. पुलाचा कठडा, बँकेची पाटी, आमच्या कोपऱ्यावरचा रसवंतीवाला. मी धावत खाली जायचे. रसवंतीवाला असायचा, त्याच्या घुंगरांचा आवाज मला समोरून आणि फोनमधून, दोन्हीकडून यायचा. हेमराज नसायचा.

"अरे, मी इथेच उभी आहे," मी ओरडले. "तू दिसत का नाहीस?"

"बठ्ठं तेच शे, अक्का," तो म्हणाला. "फक्त घर नही शे." सगळं तेच होतं, फक्त घर नव्हतं.

मग, काहीतरी फार महत्त्वाचं सांगावं तशा आवाजात म्हणाला, "आणि केळं अजून पिकनंच नही."

त्यानंतर फोन आला नाही. आला तो फक्त हूं. तेजलच्या गोष्टीत, मिसबाहच्या गोष्टीत, आधीच वर गेलेल्या गोष्टींतसुद्धा, जिथून तो मी स्वतः कापला होता. दर वेळी मागचा आवाज वेगळा. कुठे रेल्वेचं फाटक, कुठे सरकीचं तेल काढणारी गिरणी, कुठे नुसतं ऊन असल्यासारखी मोकळी शांतता.

मी शोधायला बाहेर पडले. अमळनेर, नरडाणा, जामनेर सगळं पालथं घातलं. धुळ्याच्या स्टँडवर एका बाकावर काही माणसं बसली होती. नीट कपडे, भांग पाडलेला, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी किंवा मिठाईचा पुडा. एसटी येत होत्या, जात होत्या. ते उठत नव्हते. मी एकाला विचारलं, भाऊ, कुठे जायचंय. बहिणीकडे, तो म्हणाला. कोणत्या गावी, म्हटलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि ओशाळून पिशवीकडे बघितलं. इथेच, जवळच, म्हणाला. मला वेळ नव्हता. मी माझा भाऊ शोधत होते.

घरी परत आले तर मिसबाह जिन्यात बसून रडत होती. तिची मंगनी ठरली होती. त्यासाठी तिचे मामू नूर महंमद धुळ्याहून निघाले होते आणि पोचले नव्हते. तिने मोबाईलवर फोटो दाखवला. खांद्यावर हिरव्या चौकड्यांचा रुमाल, हातात नानखटाईचा डबा, निघताना त्यांच्या मुलाने काढलेला. "मी थट्टा केली होती, आंटी," ती म्हणाली. एरवी मी तिला असल्या बोलण्यावर फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

आम्ही दोघी तशाच नवी पेठेत गेलो. तरुण गोदामात होता. मी म्हटलं, सगळ्या गोष्टी काढून टाक, आत्ता.

त्याने वाद घातला नाही. समोर बसून आमच्या पानावरून एकेक गोष्ट पुसली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "मॅडम, आपलं पान रिकामं झालं. पण गोष्टी फुकट सोडल्या होत्या. फुकट सोडलेलं परत मागता येत नाही."

लोकांनी त्या उतरवून घेतल्या होत्या, पुढे पाठवल्या होत्या. शाळांमध्ये मधल्या सुट्टीनंतर लावत होते. अंगणवाडीत दुपारी पोरं निजवायला लावत होते. दुबईत, अमेरिकेत, मराठी पोरांना आपली भाषा यावी म्हणून लावत होते. हे सांगताना त्याच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता, आणि तोच मला सहन झाला नाही.

इथे दिवे लागले की तिकडे उजाडतं. आयुष्यभर मी हे फळ्यावर काढत आले. एक गोल, अर्धा काळा, अर्धा पांढरा. पृथ्वीवर कुठे ना कुठे कायम दुपार असते. आणि त्या प्रत्येक दुपारी कुठेतरी माझी मुलगी गोष्ट वाचत बसलेली होती.

मी जवळची थप्पी धरून ओढली. ठाणं धबाधबा खाली आली. आवाज झाला नाही, त्या खोलीत आवाज होतच नाही. मी तरुणला तोंडाला येईल ते बोलले. उंटावरचा शहाणा म्हटलं, बापाच्या जिवावर समाजसेवा करणारा म्हटलं. शेवटी मी विचारलं, "तुला भाचा आहे?"

"आहे ना," तो म्हणाला. "ताईचा, धुळ्याला. रोज दुपारी आपल्याच गोष्टी..."

तो वाकून ठाणं गोळा करू लागला.

विज्ञान शिकवणाऱ्यांच्या पंगतीत मी सगळी वर्षं बसले. तरी तेव्हा मला एकच सुचलं. गोष्टीने वाट चुकवली असेल तर गोष्टीनेच दाखवायची. दिवसा नाही, दिवेलागणीनंतर. छापलेली नाही, तोंडची. आणि हूं कापायचा नाही. त्या संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावला, जे मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि तेजलला आमच्या जिल्हापेठेतल्या घरात, गोदामातून उचलून आणलेल्या मायक्रोफोनसमोर बसवलं. मिसबाह भिंतीला टेकून बसली. मी दोघींना बजावलं, समोरून कुणी हूं म्हणायचं नाही. जागा मोकळी ठेवायची.

तेजलने सुरुवात केली. "एक मामा होता. तो बहिणीच्या घरी निघाला."

ती थांबली. यंत्र माझ्या कानात होतं. फार लांबून, वाऱ्यातून आल्यासारखा, हूं आला.

तेजलने सांगितलं, मामाला पूल लागला. हूं. पूल ओलांडला, बाजार लागला. हूं. या वेळी मागे शटर पडल्याचा आवाज होता. आमच्या बाजाराचा. मी हातानेच तेजलला खूण केली, सांग, पुढे सांग.

कोपरा लागला. रसवंतीची घुंगरं.

फाटक लागलं. आमच्या फाटकाची कडी कुरकुरते. ती कुरकुरली, आणि ती कानातल्या यंत्रात नव्हती. खालून आली होती.

मी यंत्र काढलं.

"मामा जिना चढला," तेजल म्हणाली.

जिन्यावर पावलं वाजली.

"आणि मामा बहिणीच्या दारात आला."

कडी वाजली. एकदाच, हळू, पाहुण्याने वाजवावी तशी.

मी उठले. दार उघडल्या उघडल्या त्याच्या एक थोबाडीत द्यायची आणि मग जवळ घ्यायचं, असं ठरवून मी कडी काढली.

दारात एक म्हातारबा उभे होते. खांद्यावर हिरव्या चौकड्यांचा रुमाल, हातात नानखटाईचा डबा.

"मिसबाह बेटी का घर यही है?" त्यांनी विचारलं.

मिसबाह किंचाळत धावली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, अदबीने, परक्या मुलीकडे बघावं तसं. "नहीं," ते म्हणाले. "ये वो नहीं." आणि मागच्याला जागा द्यायला ते भिंतीकडे सरकले.

मागे एक माणूस होता. हातात मिठाईचा पुडा. त्याने कुणा पिंट्याचं घर विचारलं. त्याच्या मागे एक, त्याच्या मागे एक. जिन्याच्या वळणापर्यंत, वळणाच्या खाली, पायरी पायरीवर माणसं. कुणी धोतरातली, कुणी पँटीतली, काही अगदी पोरसवदा. कुणी रेटत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात भाच्याला काहीतरी होतं.

वळणावर तरुण होता. त्याच्या हातात खेळण्यातली एसटी होती. त्याने मान वर करून मला विचारलं, "बाई, माझ्या ताईचं घर हेच का?" आजवर त्याने मला मॅडम सोडून कधी बाई म्हटलं नव्हतं.

मी एकेक चेहरा बघत खाली उतरले, फाटकापर्यंत. हेमराज नव्हता.

आणि मग मला कळलं आमचं काय चुकलं. गोष्टीतल्या मामाला नाव नसतं. एक मामा होता, एक राजा होता, असंच म्हणतात, तसंच तेजल म्हणाली. जो तो आपापल्या वाटेवर ते ऐकत होता, आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच बोलावलंय.

मी चढून वर आले. त्यांनी मला वाट करून दिली. आत तेजल होती तशीच बसली होती, मायक्रोफोन चालू होता. मिसबाह उंबऱ्यावर बसून मामूंचा हात धरून होती आणि ते संकोचून तो सोडवायचा प्रयत्न करत होते.

"पुन्हा सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून. नाव घेऊन सांग. अमळनेरचा हेमराज म्हण. केळ्यांची पिशवी म्हण."

तेजलने डोळे पुसले.

"एक हेमराज मामा होता," ती म्हणाली. "तो केळी घेऊन अमळनेरहून निघाला."

आणि थांबली.

जिन्यावरची सगळी माणसं एकदम म्हणाली, "हूं."

नूर महंमदही म्हणाले, तरुणही म्हणाला. पण आवाज एकच होता. जाड, नाकातला, शेवटी जरा वर गेलेला.